मॅनेजरचं नाव आणि मॅनेजरचं काम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात फुटबॉल मॅनेजरांविषयी प्रश्न मागवले होते. नाशिक शहर, देवळाली आणि ओझरहून आलेले बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात: अमुक मॅनेजरचं एवढं नाव आहे, ते त्याने खरंच कमावलंय का? नुसते करंडक मोजून याचं उत्तर मिळत नाही. त्या क्लबला, त्या पैशात, त्या खेळाडूंनिशी जेवढं मिळायला हवं होतं त्याहून किती जास्त मिळालं आणि किती वर्षं मिळत राहिलं, ते पाहावं लागतं. खालची उत्तरं या मापाने दिली आहेत.

मी पन्नासेक मॅनेजरांची यादी केली आणि जिंकलेल्या सामन्यांच्या टक्केवारीने क्रम लावला. मित्र म्हणतो, यादीला अर्थ नाही. चूक कुठे आहे? मी कारखान्यात क्वालिटीत काम करतो, आकड्यांची सवय आहे. — एक वाचक, अंबड

चुका तीन ठिकाणी होतात. पहिली सामन्यांच्या संख्येत. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या मॅनेजरांना तुमच्या पद्धतीने क्रम लावला तर सॅम अ‍ॅलरडाइस सगळ्यांच्या वर येतील. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांच्या हाताखाली इंग्लंड एकच सामना खेळलं, स्लोव्हाकियाला १-० हरवलं, आणि महिन्याच्या आत अ‍ॅलरडाइस यांना पद सोडावं लागलं. टक्केवारी शंभर. लॉटमधले दोन नग मोजून तुम्ही अख्खा लॉट पास करत नाही, तसंच इथे आहे.

मग किती सामने पुरेत? एखाद्या बऱ्यापैकी संघाची जिंकण्याची शक्यता ४५ टक्के, बरोबरीची २५ आणि हरण्याची ३० धरा. विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण, म्हणून सामन्यामागे सरासरी १.६ गुण होतात, ३८ सामन्यांत सुमारे ६१. पण नुसत्या नशिबाने होणारं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनची नेहमीची हेलकावणी, एका हंगामात साधारण ८ गुणांचं येतं. म्हणजे तोच संघ, तेच खेळाडू, तोच मॅनेजर एका वर्षी ५३ वर अडकू शकतो आणि पुढच्या वर्षी ६९ करू शकतो, आणि वर्तमानपत्रं आधी त्याला नालायक आणि मग जादूगार ठरवतात. तीन हंगाम, म्हणजे ११४ सामने एकत्र घेतले की हाच फरक हंगामामागे पाचेक गुणांवर येतो. म्हणून शंभराच्या आतली रेकॉर्ड यादीत घेऊच नका.

दुसरी चूक काळाची. लिव्हरपूलचे बॉब पेस्ली ५३५ सामन्यांत ३०७ जिंकले, ५७.४ टक्के. आर्सेनलचे आर्सेन वेंगर १२३५ सामन्यांत ७०७ जिंकले, ५७.२ टक्के. तुमच्या यादीत दोघे मांडीला मांडी लावून बसतील. पण पेस्ली यांनी नऊ हंगामांत ६ लीग आणि ३ युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकले, वेंगर यांनी बावीस वर्षांत ३ लीग आणि ७ एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा). टक्केवारी सारखी आणि फळ एवढं वेगळं, कारण पेस्लींच्या काळात ताकद अनेक क्लबांत वाटलेली होती. १९७६-७७ मध्ये लिव्हरपूल ४२ पैकी २३ सामने जिंकून विजेतं ठरलं. २००७-०८ मध्ये आर्सेनल ३८ पैकी २४ जिंकलं, तीनच हरलं, आणि तिसरं आलं. आजच्या आकड्यांनी जुन्या माणसाला तोललं की जुना माणूस हमखास हलका भरतो.

तिसरी चूक म्हणजे सगळे सामने एका पोत्यात भरणं. लीग कपात खालच्या विभागातल्या संघाला ४-० हरवणं आणि बाहेरच्या मैदानावर लीगमध्ये बरोबरी सोडवणं यांना एकच वजन मिळतं, किंबहुना बरोबरीला शून्य मिळतं.

यादी अशी दुरुस्त करा. फक्त लीगचे सामने घ्या. विजयाला ३ आणि बरोबरीला १ धरून एकूण गुणांना सामन्यांनी भागा. इंग्लंडमध्ये ३ गुणांची पद्धत १९८१-८२ पासून आली, इटलीत १९९४ आणि स्पेन, जर्मनीत १९९५ पासून, त्यामुळे त्याआधीचे गुणतक्ते जसेच्या तसे उचलू नका, विजय आणि बरोबरी वेगळ्या मोजून पुन्हा गुणाकार करा. मग त्या हंगामाच्या विजेत्याचे सामन्यामागचे गुण काढा आणि दोन्हींतलं अंतर शेजारच्या रकान्यात ठेवा. त्यापुढे तोच क्लब मॅनेजर येण्याच्या आधीच्या दोन हंगामांत आणि गेल्यानंतरच्या दोन हंगामांत कुठे होता ते लिहा. शेवटचा रकाना पगाराचा. इंग्लिश क्लबांचे वार्षिक हिशेब सार्वजनिक असतात, त्यात पगारखर्चाचा आकडा मिळतो, फक्त तो हंगाम संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी येतो. विकत घेतलेल्या खेळाडूंच्या किमतीपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो, कारण फुकट करारावर आलेला महागडा खेळाडू खरेदीच्या यादीत दिसत नाही, पगारात दिसतो. अनेक वर्षांची सरासरी घेतली तर पगाराचा क्रमांक आणि गुणतक्त्यातला क्रमांक बहुतेक जुळतात. ज्याचा क्लब पगारात दहावा आणि गुणतक्त्यात चारपाच हंगाम सहावा, त्या मॅनेजरकडे नीट बघा, त्याच्या नावावर एकही करंडक नसला तरी.

लेस्टर सिटीला २०१६ मध्ये लीग जिंकून देणारे क्लॉडिओ रानिएरी महान की नशीबवान? आमच्या कट्ट्यावर यावरून भांडणं होतात. — एक वाचक, सिडको

आकडे आधी मांडू. २०१५-१६ मध्ये लेस्टरने २३ सामने जिंकले, १२ बरोबरीत सोडवले, फक्त ३ हरले. ८१ गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा १० जास्त. हंगामाआधी सट्टेबाज एकाला पाच हजार भाव देत होते. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरी यांना नारळ मिळाला तेव्हा संघ सतराव्या क्रमांकावर, खालच्या विभागात घसरण्यापासून एक गुण दूर होता.

‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणणाऱ्यांकडे एक बळकट पुरावा आहे, तो नाकारू नये. आधीच्या हंगामात नायजेल पिअरसन यांचा संघ २९ सामन्यांनंतर १९ गुणांवर तळाशी होता. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून, एक बरोबरीत सोडवून तो ४१ गुणांवर चौदावा आला. म्हणजे रानिएरी आले तेव्हा संघ आधीच धावत होता. कॅस्पर श्मायकल, वेस मॉर्गन, डॅनी ड्रिंकवॉटर, जेमी वार्डी, रियाद माहरेझ हे सगळे आधीपासूनचे. एनगोलो कांते त्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या काँ या क्लबकडून आला, तोही प्रामुख्याने क्लबच्या शोधपथकामुळे.

पण रानिएरी यांनी काय केलं तेही तितकंच स्पष्ट दिसतं. सुरुवातीच्या सामन्यांत संघ गोल करत होता आणि खातही होता. सप्टेंबरमध्ये आर्सेनलने लेस्टरच्याच मैदानावर ५-२ हरवल्यावर त्यांनी दोन्ही फुल-बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, बदलले. पुढे धावणारे जेफ श्लुप आणि रिची डी लाट बाहेर गेले, जागेवर राहून बचाव करणारे क्रिस्टियन फुक्स आणि डॅनी सिम्पसन आत आले. मधल्या दोन बचावपटूंना, मॉर्गन आणि रॉबर्ट हूट यांना, वेग नव्हता. बाजूचे दोघे मागे थांबल्यावर त्यांना मोकळ्या मैदानात धावावं लागेना, फक्त पेनल्टी क्षेत्रात येणारे चेंडू डोक्याने बाहेर काढायचे. हे दोघांचं उत्तम काम. हंगामाच्या उत्तरार्धात लेस्टर एकामागून एक सामने १-० ने जिंकत गेलं त्याचं मूळ या बदलात आहे. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी जवळजवळ तोच संघ खेळवत ठेवला. युरोपात सामने नव्हते, दुखापती कमी होत्या, म्हणून ते जमलं. नशिबाची बाजू ती. शिवाय चेल्सी, मँचेस्टरचे दोन्ही क्लब, लिव्हरपूल सगळे एकाच वर्षी ढेपाळले.

पुढच्या वर्षी कांते चेल्सीला गेला. चेल्सी दहाव्या क्रमांकावरून ९३ गुणांसह विजेतं, लेस्टर बारावं. एका खेळाडूचं वजन किती असतं ते या दोन ओळींत दिसतं.

आमचं मत: रानिएरी चांगले मॅनेजर होते, महान नव्हेत, आणि तो हंगाम त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम निर्णयांचा हंगाम होता. चेल्सी २००४ मध्ये, रोमा २०१० मध्ये आणि मोनॅको २०१४ मध्ये त्यांच्या हाताखाली दुसरे आले होते. ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजर असताना फॅरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरून त्यांची गच्छंती झाली होती, तीही लेस्टरच्या आदल्याच वर्षी. हे सगळं एकाच माणसाचं रेकॉर्ड आहे. भांडणात दोन्ही बाजूंनी अर्धंच वाचलं जातं.

संघ सलग हरत असताना मॅनेजर बदलला की लगेच जिंकायला लागतो, हे दर वेळी दिसतं. मग लवकर बदलणं शहाणपणाचं नाही का? — एक वाचक, नाशिक रोड

यातलं बरंचसं कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडण्यासारखं आहे. वरच्या उत्तरातलाच हिशेब लावा. सामन्यामागे १.३ गुणांच्या लायकीचा संघ दहा सामन्यांत सरासरी १३ गुण मिळवेल, पण नशिबाने ४ गुण इकडेतिकडे सहज होतात, कधी त्याहून जास्त. ज्या दहा सामन्यांत ७ गुण मिळतात तेव्हाच मॅनेजरची हकालपट्टी होते, १७ मिळाल्यावर कोणी काढत नाही. पुढच्या दहा सामन्यांत संघ आपल्या १३ वर परततो आणि ते सहा गुण नव्या माणसाच्या खात्यात जमा होतात. नेदरलँड्सच्या लीगमध्ये अशा घटनांचा अभ्यास झाला आहे. त्याच प्रकारे घसरलेले पण मॅनेजर न बदललेले क्लब शेजारी ठेवले, तर तेही तितकेच सावरलेले आढळले.

ठळक उदाहरण ओले गुन्नार सोलशार यांचं. डिसेंबर २०१८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्यांना हंगामी नेमलं, १९ पैकी १४ सामने ते जिंकले. मार्चमध्ये त्यांना कायम केलं आणि उरलेल्या १० पैकी फक्त २ जिंकले. माणूस तोच, खेळाडू तेच.

बदल खरंच उपयोगी पडतो तो दोन परिस्थितींत. खेळाडूंनी मॅनेजरचं ऐकणं सोडलेलं असतं, किंवा तो संघाला न झेपणारी पद्धत रेटत असतो. हे गुणांवरून ओळखता येत नाही. गोलपोस्टसमोरून प्रतिस्पर्ध्याला किती चांगल्या संधी मिळतात ते मोजा. संधी पूर्वीइतक्याच आणि गोल मात्र जास्त जात असतील तर थांबावं, संधीच दुप्पट झाल्या असतील तर निर्णय घ्यावा.

ग्वार्डिओला यांना दर वेळी श्रीमंत क्लब मिळाला. यात त्यांचं काय कौतुक? — एक वाचक, गंगापूर रोड

पैसा होता हे खरंच आहे, पण पैसा आधीही होता. बार्सिलोनाने २००७-०८ मध्ये ६७ गुण मिळवले, विजेत्या रेआल माद्रिदपेक्षा १८ कमी. ग्वार्डिओला आले, रोनाल्डिन्यो आणि डेको यांना जाऊ दिलं, दुसऱ्या फळीच्या संघातून सर्जिओ बुस्केट्स आणि पेड्रो यांना वर आणलं, आणि पहिल्याच हंगामात ८७ गुण आणि तीन करंडक: लीग, देशातला कप आणि चॅम्पियन्स लीग. मँचेस्टर सिटी त्यांच्या आधीच्या वर्षी ६६ गुणांवर चौथं होतं, पहिल्या वर्षी ७८, दुसऱ्या वर्षी १००. त्याच काळात त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबनेही पाण्यासारखा पैसा ओतला आणि एकही लीग जिंकली नाही.

जर्मनीच्या बायर्न म्युनिकमधली तीन वर्षं मात्र या हिशेबात कोणत्याच बाजूला धरू नयेत. आधीच तिन्ही करंडक जिंकलेला संघ त्यांना मिळाला, तीनही वर्षं त्यांनी लीग जिंकली आणि तीनही वर्षं चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत हरले. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मधल्या फळीतला रॉड्री जायबंदी झाल्यावर सिटी ९१ गुणांवरून ७१ वर आली. पद्धत कितीही नामी असली तरी ती एका जागेवरच्या माणसावर किती उभी होती, ते त्या वर्षी उघडं पडलं. तरी आमच्या मते या पिढीत त्यांच्याइतकं नाव सार्थ ठरवलेला दुसरा मॅनेजर नाही.

मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसन यांना आजच्या काळात पहिल्या तीन वर्षांतच काढलं असतं असं म्हणतात. आणि त्यांनी आपल्यानंतर आलेल्या मोयेस यांच्या गळ्यात म्हातारा संघ मारला हेही खरं का? — एक वाचक, महात्मानगर

ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले तेव्हा युनायटेड २२ संघांत एकविसावं होतं. पुढचे क्रमांक ११, २, ११, १३. पहिला करंडक मे १९९० चा एफए कप, पहिली लीग १९९३ मध्ये. आज एवढी उसंत मिळाली नसती हे उघड आहे. पण त्यांचा धीर धरणाऱ्या संचालकांसमोर एक रेकॉर्ड होतं, ते लोक विसरतात. अ‍ॅबरडीनसारख्या क्लबला त्यांनी १९८०, १९८४ आणि १९८५ मध्ये स्कॉटलंडची लीग मिळवून दिली होती आणि १९८३ मध्ये रेआल माद्रिदला २-१ हरवून युरोपियन कप विनर्स कप आणला होता. ग्लासगोच्या दोन क्लबांच्या पैशासमोर हे घडलं. आमच्या दृष्टीने त्यांचं सर्वांत मोठं काम तेच, मँचेस्टरच्या १३ लीगहूनही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं हो. २०१२-१३ चा विजेता संघ ८९ गुणांचा, पण रिओ फर्डिनांड ३४ वर्षांचा, पॅट्रिस एव्ह्रा ३२, नेमान्या विडिच ३१, रायन गिग्ज ३९, आणि पॉल स्कोल्स निवृत्त होत होता. २६ गोल रॉबिन व्हॅन पर्सीचे. शिवाय खेळाडूंचे व्यवहार बघणारे मुख्य अधिकारी डेव्हिड गिलही त्याच उन्हाळ्यात गेले. पुढच्या वर्षी ६४ गुण, सातवा क्रमांक, आणि डेव्हिड मोयेस एप्रिलमध्येच घरी.

मोयेस यांना त्या दहा महिन्यांवरून तोलणं आम्हाला पटत नाही. एव्हर्टनमध्ये अकरा वर्षं त्यांनी तुटपुंज्या पैशात काम केलं. त्यातही बारकाईने वाचा: २००४-०५ मध्ये एव्हर्टन चौथं आलं तेव्हा ४५ गोल केले आणि ४६ खाल्ले होते. गोलफरक उणे एक. बरेच सामने एका गोलाने सुटले होते, तसं दर वर्षी होत नाही, आणि पुढच्या हंगामात संघ अकरावा आला. तो चौथा क्रमांक त्यांचं खरं यश नाही. त्यानंतरची पाचव्या ते आठव्या क्रमांकांची वर्षं हे खरं यश.

ब्रायन क्लफ यांच्या यशात त्यांचे सहायक पीटर टेलर यांचा वाटा किती? — एक वाचक, ओझर

निम्म्याच्या आसपास, आणि याला नैसर्गिक प्रयोगासारखा पुरावा आहे. दोघे एकत्र असताना डर्बी काउंटी १९७२ मध्ये विजेतं. क्लफ एकटे लीड्सला गेले, ४४ दिवसांत बाहेर. जानेवारी १९७५ मध्ये ते नॉटिंगहॅम फॉरेस्टला एकटेच आले, दुसऱ्या विभागात सोळावा आणि मग आठवा क्रमांक. जुलै १९७६ मध्ये टेलर आले आणि त्या हंगामात संघ वरच्या विभागात, पुढच्या वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये थेट विजेता, आणि १९७९, १९८० चे युरोपियन कप.

टेलर खेळाडू हेरायचे. आघाडीला खेळणाऱ्या केनी बर्न्सला मधला बचावपटू करायची कल्पना त्यांची, गॅरी बर्टल्सला लीगबाहेरच्या फुटबॉलमधून आणणंही त्यांचंच. क्लफ त्या खेळाडूकडून मैदानावर काम काढून घ्यायचे. १९८२ मध्ये टेलर गेल्यावर फॉरेस्ट तीनदा तिसरं आलं, १९८९ आणि १९९० चे लीग कप जिंकलं, पण लीग पुन्हा नाही. टेलर यांनी एकट्याने चालवलेली डर्बी तर १९८४ मध्ये खाली घसरली. म्हणून कुठल्याही मॅनेजरच्या रेकॉर्डशेजारी त्याचा सहायक आणि शोधप्रमुख कोण होता, तो कधी आला, कधी गेला, एवढ्या तारखा लिहून ठेवा.

मोरिन्यो संपले का? — एक वाचक, इंदिरानगर

२००३ ते २०१२ हा त्यांचा काळ कोणालाही नाकारता येणार नाही. पोर्तोबरोबर २००४ ची चॅम्पियन्स लीग, चेल्सीच्या पहिल्या हंगामात ९५ गुण आणि ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले, इंटरबरोबर २०१० चे तिन्ही करंडक, माद्रिदबरोबर १०० गुण. फेब्रुवारी २००२ पासून एप्रिल २०११ पर्यंत चार क्लबांत मिळून घरच्या मैदानावर लीगचे सलग १५० सामने ते हरले नाहीत.

डिसेंबर २०१५ मध्ये मात्र विजेता चेल्सी संघ १६ सामन्यांत ९ हरून सोळाव्या क्रमांकावर होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत एकही लीग नाही. २०१७ ची युरोपा लीग आणि रोमाची २०२२ ची कॉन्फरन्स लीग हे बाद फेरीचे करंडक, आणि रोमा लीगमध्ये दोन्ही पूर्ण हंगामांत सहावं. एका सामन्याची आखणी त्यांना अजूनही उत्तम जमते, ३८ सामन्यांची लीग मात्र निसटली. दुबळे संघही आता मागून छोटे पास देत येतात आणि वर चढून दाबतात, त्यांच्यासमोर मागे थांबून वाट पाहणारा संघ घरच्या मैदानावर गोल शोधत बसतो. पूर्वीचं नाव सार्थ, आताचा पगार त्या नावाचा.

अँचेलोटी काही करत नाहीत, तारे खेळतात आणि ते जिंकतात. बरोबर? — एक वाचक, द्वारका

चूक. पाच चॅम्पियन्स लीग, दोन क्लबांत, २१ वर्षांच्या अंतराने, आणि युरोपातल्या पाचही मोठ्या लीग जिंकलेले ते एकटेच. मात्र मिलानच्या आठ वर्षांत एकच लीग आणि एव्हर्टनमध्ये दहावा क्रमांक, हेही त्यांचंच. उत्तम खेळाडूंना जागा नेमून देण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही, मध्यम संघ उचलून धरणं हे त्यांचं काम नव्हे.

भारताच्या संघासाठी परदेशी मॅनेजर चांगले की देशी? रहीम साहेबांचं नाव खरंच एवढं मोठं आहे का? — एक वाचक, देवळाली कॅम्प

भारताच्या संघाचे मॅनेजर सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव आपल्याकडे जेवढं आहे त्याहून मोठं असायला हवं. १९५१ चं दिल्ली आशियाई स्पर्धेचं सुवर्ण कमी वजनाचं धरा, संघ सहाच होते. पण १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने त्यात हॅटट्रिक केली. १९६२ चं जकार्ता तर मॅनेजरचं काम म्हणून शिकवावं असं आहे. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० हरवलं. बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. चेंडू डोक्याने अडवणं हे बचावपटूचं रोजचं काम, ते त्याला अवघड जाणार. रहीम यांनी त्याला बाहेर बसवलं नाही, आघाडीला उभं केलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, अंतिम सामन्यात केला, आणि त्याच दक्षिण कोरियाला भारताने २-१ हरवलं. पुढच्या वर्षी रहीम गेले. आशियाई स्पर्धेचं सुवर्ण त्यानंतर आलेलं नाही. आधी आणि नंतर काय होतं, ही कसोटी इतकी स्वच्छ क्वचितच लागते.

परदेशी मॅनेजरांत स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत भारत फिफाच्या क्रमवारीत २०१५ मधल्या १७३ व्या क्रमांकावरून जुलै २०१७ मध्ये ९६ व्या क्रमांकावर आला. यात खरी प्रगती होती, पण तेव्हाचं फिफाचं सूत्रही समजून घ्या. ते सामन्यांच्या गुणांची सरासरी काढायचं, त्यामुळे कमी वजनाचा मैत्रीपूर्ण सामना जिंकूनही सरासरी उतरू शकायची आणि न खेळणं फायद्याचं ठरायचं. २०१८ पासून प्रत्येक सामन्यागणिक गुण वाढवायची-घटवायची पद्धत आली. त्याआधीचे आणि नंतरचे क्रमांक एकमेकांशेजारी ठेवू नका. इगोर श्तिमाच यांनी २०२१ आणि २०२३ ची दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली, पण जानेवारी २०२४ च्या आशियाई कपात तिन्ही सामने हरले, एकही गोल नाही, आणि मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. दुबळ्यांवरचे विजय वेगळ्या रकान्यात टाकले की चित्र लगेच बदलतं. मानोलो मार्केझ यांनी हैदराबादला २०२२ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकून दिली, राष्ट्रीय संघाबरोबर मात्र आठ सामन्यांत एक विजय. आठ सामन्यांवरून त्यांना मोडीत काढणंही चूकच.

ऑगस्ट २०२५ मध्ये नेमलेल्या खालिद जमील यांचं नाव मिझोरमच्या ऐझॉल क्लबवर उभं आहे, आणि ते भक्कम आहे. तो संघ २०१५-१६ मध्ये खाली घसरला होता, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतला गेला, आणि पुढच्याच वर्षी ३७ गुणांसह, मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त मिळवून, आय-लीगचा, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या वरच्या लीगचा, विजेता झाला. तरी लेस्टरचा नियम इथेही लावा: तो एक हंगाम होता. त्याआधी मुंबई एफसीला त्यांनी तुटपुंज्या साधनांत सात हंगाम वरच्या विभागात टिकवलं, ते माझ्या लेखी ऐझॉलच्या तोडीचं काम आहे. देशी की परदेशी यापेक्षा राष्ट्रीय मॅनेजरला सामन्याआधी शिबिरासाठी किती दिवस मिळतात ते विचारा. रहीम यांच्या हाती खेळाडू आठवडेच्या आठवडे असत.

माझी मुलगी शाळेच्या १४ वर्षांखालील संघात आहे. संघ जिल्हा स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरला आणि पालक कोच बदला म्हणतायत. कोच चांगला आहे की नाही हे कसं ठरवायचं? — एक पालक, पंचवटी

बाद फेरीची स्पर्धा त्यासाठी सर्वांत वाईट मोजपट्टी आहे. तुमचा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७० टक्के, म्हणजे स्पर्धेतला बहुधा सर्वोत्तम संघ, असं धरलं तरी सलग चार सामने जिंकण्याची शक्यता २४ टक्के येते. साठ टक्के धरली तर १३. चांगला कोचही चारपैकी तीन वर्षं रिकाम्या हाताने घरी येणार.

उलट चषक आणणाऱ्या कोचकडेही जरा थांबून बघा. या वयात एक वर्षाच्या फरकाने उंची आणि वेग खूप बदलतो. वयोगटाची तारीख १ जानेवारी असेल तर जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेल्या मुली साहजिकच थोराड असतात. काही कोच नेमक्या त्याच निवडतात, लांब लाथ मारून त्यांना पळवतात आणि जिंकतात. सोळाव्या वर्षी बाकीच्या उंचीने बरोबरीला आल्या की त्या संघाकडे पास द्यायला कोणी उरत नाही. संघाच्या यादीशेजारी जन्माचे महिने लिहा. पंधरापैकी दहा-अकरा जणी पहिल्या तिमाहीतल्या निघाल्या तर निवड शरीर बघून झालीय.

वही घ्या आणि बारा ते पंधरा सामने, सरावाचेही चालतील, नोंद ठेवा. पेनल्टी क्षेत्राच्या आतून आपण गोलवर किती वेळा मारलं आणि समोरच्यांनी किती वेळा. मध्यंतरानंतर खाल्लेले गोल वेगळे लिहा. ते सतत जास्त असतील तर दम कमी पडतोय किंवा बदली खेळाडू उशिरा उतरवले जातायत. कॉर्नर आणि फ्री-किकवरून खाल्लेले गोलही वेगळे. तीच चूक पाच सामने दिसत राहिली तर ती सरावात घेतली जात नाही. प्रत्येक मुलगी किती मिनिटं खेळली ते लिहा. १४ वर्षांखालच्या संघात हंगामभरात कोणीही निम्म्या वेळेपेक्षा फार कमी खेळू नये.

सरावालाही एकदा जाऊन कडेला उभे राहा, घड्याळ लावून. तासाभरात एका मुलीच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो ते मोजा. वीस जणी एका रांगेत उभ्या राहून पाळीपाळीने गोलवर मारत असतील तर प्रत्येकीला तासाला तीसेक स्पर्श मिळतात. चार-चारच्या छोट्या सामन्यांत तेवढे दहा-पंधरा मिनिटांत होतात. आणि गेल्या वर्षीच्या यादीतल्या, वयात बसणाऱ्या किती मुली यंदा परत आल्या ते शाळेत विचारा. सोडून गेलेल्या तीन-चार जणींच्या घरी फोन करून कारण विचारलंत तर पालकसभेत बोलायला हाती काहीतरी ठोस असेल.